मुरगावमार्गे आलेले पिंप

कॅलिफोर्नियातल्या एका लहान संग्रहालयात मी वस्तूंच्या नोंदी ठेवण्याचे काम करते. दान म्हणून येणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या टेबलावर येते. त्या बुधवारी सत्त्याऐंशी वर्षांच्या एक जपानी-अमेरिकन आजी मुलाला सोबत घेऊन आल्या आणि त्याने एक लाकडी पिंप माझ्यासमोर ठेवले. ते जेमतेम गुडघ्याएवढे उंच होते. फळ्या आवळून धरणारी कडी लोखंडाची नव्हे, तर वेणीसारख्या विणलेल्या बांबूची होती, आणि त्यांतले एक तुटलेले कडे कुणीतरी तारेने बांधले होते. आत विजेरी धरली तेव्हा फळ्यांच्या सांध्यांत खोल मुरलेला काळपट तपकिरी डाग दिसला.

“शोयूचं, म्हणजे जपानी सोया सॉसचं पिंप आहे,” आजी म्हणाल्या. “जपानी रेडक्रॉसकडून टोपाझच्या छावणीत आलं होतं. ते भारतातून फिरून आलं, असं आई सांगायची.”

१९४२ साली अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढून छावण्यांत डांबले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. आजींच्या कुटुंबाला प्रथम टॅनफोरानच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात ठेवले आणि नंतर यूटाच्या वाळवंटातल्या टोपाझला नेले. तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या.

आमच्या अर्जात ‘वस्तूचा प्रवास’ असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिले : ‘जपान ते अमेरिका. भारताचा उल्लेख ही कौटुंबिक आठवण, आधार नाही.’ भारतात वाढलेल्या मला ते अशक्यच वाटले होते, कारण युद्धाच्या काळात भारत ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि जपान्यांच्या दृष्टीने तो शत्रूचा मुलूख होता. उलट मलायातून पकडून आणलेल्या जपानी नागरिकांना तेव्हा आपल्याकडेच, दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि पुढे राजपुतान्यातल्या देवळीला, कोंडून ठेवले होते. आजींनी मी लिहिलेले वाचले, चष्मा पुसला आणि काही न बोलता सही केली.

त्यांचे ते न बोलणे मला दुपारभर टोचत राहिले, म्हणून मी युद्धकाळातल्या जहाजांच्या फेऱ्या तपासायला बसले. तासाभरात उत्तर सापडले. नकाशावरचे बंदराचे नाव वाचताच मी थबकले, कारण ते मुरगाव होते.

गोवा पोर्तुगिजांचा होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. म्हणून ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यातली नागरिकांची दुसरी अदलाबदल मुरगाव बंदरात झाली. योकोहामाहून निघालेले ‘तेइया मारू’ आणि न्यूयॉर्कहून आलेले ‘ग्रिप्सहोम’ हे स्वीडिश जहाज तिथे लागले आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन हजार लोक एका जहाजातून दुसऱ्यात गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनांचे ‘एरेनफेल्स’ हे जहाज ब्रिटिशांच्या छाप्यात त्याच बंदरात बुडाले होते. तटस्थ पाण्यातसुद्धा युद्ध कसे शिरते, हे गोवेकरांनी नुकतेच पाहिले होते. तरीही माणसांबरोबर मालही दोन्ही दिशांनी गेला. जपानच्या ताब्यातल्या कैद्यांसाठी अमेरिकन रेडक्रॉसची औषधे आणि अन्नाची खोकी पूर्वेकडे निघाली, तर अमेरिकेतल्या छावण्यांसाठी शोयू, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), चहा आणि पुस्तके पश्चिमेकडे निघाली. आपल्या माणसांपर्यंत मदत पोहोचायची असेल तर समोरच्याची मदतही पोहोचू द्यावी लागेल, हे दोन्ही सरकारांना पुरते ठाऊक होते. ‘ग्रिप्सहोम’ पोर्ट एलिझाबेथ आणि रिओ करत १ डिसेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचले.

मी लगेच आजींना फोन केला आणि त्यांच्या आईचे म्हणणे खरे होते, मी चुकले होते, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“वडिलांनी त्या शोयूला हात लावला नाही,” मग त्या म्हणाल्या. “काका तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले होते. भाऊ ज्यांच्याविरुद्ध उभा आहे त्यांच्या घरचं कसं खायचं, असं वडील म्हणायचे. आईनं मात्र मेसमधला भात खोलीत आणला, त्यावर थोडा शोयू घातला आणि आम्हा मुलांना भरवला. स्वतः जेवताना ती रडत होती. मला वाटलं, ते फार खारट असेल.”

या आठवणीसाठी माझ्या अर्जात रकाना नव्हता, म्हणून मी वेगळा कागद जोडला आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

“ते बंदर तुम्ही पाहिलंय का?” त्यांनी विचारले.

मी हो म्हटले. लहानपणी सुट्टीत आम्ही वास्कोला जायचो तेव्हा खनिजाच्या लाल धुळीने धक्क्याजवळची झाडेसुद्धा लाल दिसायची आणि मालाच्या बोटी खाडीत रांगेने उभ्या असायच्या, ते सगळे मी त्यांना सांगितले. त्यांनी मुरगाव हे नाव माझ्याकडून तीनदा म्हणून घेतले. फोन ठेवल्यावर मी अर्जातली जुनी ओळ खोडली आणि तिथे लिहिले : योकोहामा, मुरगाव, न्यूयॉर्क, टोपाझ.