एक्स-रे स्वच्छ, तरी गुडघा दुखायचाच

जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची. एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ! मी उगाच बाऊ करतेय असं घरच्यांना वाटलं आणि हळूहळू मलाही. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे सांगितलं, एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसतच नाही. दिसते ती हाडांमधली फट, आणि ती कमी होईपर्यंत कूर्चा बरीच झिजलेली असू शकते. म्हणून एमआरआय, सोबत टी-2 मॅपिंग, म्हणजे कूर्चेतल्या पाण्याचा आणि तंतूंचा अंदाज देणारा रंगीत नकाशा.

तिथे आधी मला अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. चालल्या-पळल्याने कूर्चा दाबली जाते, तिच्यातलं पाणी हलतं आणि मापं बदलतात, म्हणून ही विश्रांती. मग पेसमेकर, शरीरातला धातू वगैरे प्रश्न. गुडघ्याभोवती सिग्नल टिपणारी कॉइल बसवली, बाजूंना स्पंज ठासला. मशीनच्या चुंबकाची ताकद 3 टेस्ला. कानात बोळे घालूनही ठोकठोक ऐकू येत होतीच. पण पाय हलवायचा नाही एवढंच मी मनात धरलं होतं, कारण वाटीमागची कूर्चा शरीरातली सर्वांत जाड म्हणतात, तीही जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. जरा हलले तर सगळं पुसट.

रिपोर्टमध्ये ग्रेड 2 होतं, म्हणजे झीज निम्म्या जाडीच्या आत. निम्म्याच्या पुढे गेली की 3, हाड उघडं पडलं की 4. पण मला खिळवून ठेवलं ते रंगीत नकाशाने. कूर्चेतल्या कोलेजन तंतूंची वीण सैल झाली की पाणी मोकळं होतं आणि टी-2चा आकडा वाढतो. झिजलेल्या जागेच्या शेजारी कूर्चा अखंड दिसत होती, रंग मात्र बदललेला. आणखी एक तसाच पट्टा पाहून मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाले, तो सोडून द्या. तंतू चुंबकीय क्षेत्राशी साधारण 55 अंशांत आले की निरोगी कूर्चाही अशी दिसते. नुसता रिपोर्ट वाचून हे मला कधीच कळलं नसतं.

कूर्चेला नसा नसतात, मग दुखतं काय? त्यांनी तिच्याखालच्या हाडातली सूज दाखवली. तो पांढुरका डाग पाहून मला रडूच आलं. दुखणं खरं होतं.

सध्या मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू आहेत. सीडी जपून ठेवली आहे. पुन्हा तपासायची वेळ आली तर त्याच मशीनवर, त्याच सेटिंगने करायला सांगितलंय, नाहीतर टी-2चे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.