डीएलएलची वही : चवथीच्या सुट्टीतली भर

फोंड्याच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या डिस्कवर ६४-बिट विंडोज ७ निघालं. डिस्क लिनक्सला फक्त वाचण्यापुरती जोडली आणि सगळ्या डीएलएलचे (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फायली) शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ठसे, काढून वहीत उतरवले.

कर्नेल३२ ही विंडोजची मुख्य डीएलएल तीन फोल्डरांत सापडली. सिस्टम३२ आणि विनएसएक्सएस (विंडोजच्या घटकांचा साठा) इथल्या ६४-बिट प्रतींचा हॅश एकच. साहजिकच आहे, ती हार्ड लिंक, म्हणजे एकाच फायलीची दोन नावं. सिसवॉव६४मधली मात्र वेगळी, कारण ती ३२-बिट. (नावं उलटी वाटतात, पण ६४-बिट फायली सिस्टम३२मध्येच असतात.) चालू विंडोजवर ३२-बिट हॅश टूल वापरणाऱ्यांनी जपून राहा: तुम्ही सिस्टम३२ मागाल आणि विंडोज गुपचूप सिसवॉव६४ पुढे करील. लिनक्सवरून वाचलं की ही भानगडच नाही.

खरी मजा एका हिशेबाच्या पॅकेजच्या फोल्डरात आली. तिथली व्हिज्युअल सी++ची रनटाइम डीएलएल सिस्टमच्या प्रतीशी आवृत्तीला जुळत होती, हॅशला नाही, आणि आकारानेही किंचित लहान. व्हायरस म्हणून मोकळं होण्याआधी ऑथेंटिकोडच्या (मायक्रोसॉफ्टची फायलींवर डिजिटल सही करायची रीत) पद्धतीने हॅश काढला. त्यात पीई हेडरातला (फायलीच्या सुरुवातीच्या माहितीतला) चेकसम, सही कुठे आहे ते सांगणारी नोंद आणि खुद्द सही एवढं वगळतात. दोन्ही तंतोतंत जुळल्या! कुणीतरी फक्त सही कापून टाकली होती. म्हणून आता वहीत दोन रकाने आहेत, साध्या हॅशचा आणि ऑथेंटिकोडचा. हॅश जुळला तर फाइल तीच. नाही जुळला तर चौकशी तिथून सुरू.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची एनएसआरएल, म्हणजे माहीत असलेल्या सॉफ्टवेअर फायलींच्या हॅशची यादीही उतरवून घेतली. नवी आवृत्ती एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये आहे, त्यामुळे शोधणं सोपं. पावसात वीज टिकली तर. तिच्यात सापडलेली फाइल ‘ओळखीची’ असते, ‘चांगली’ असेलच असं नाही.

जुन्या याद्यांतल्या एमडी५ला, म्हणजे जुन्या हॅश पद्धतीला, हसू नका. २००४पासून एकाच एमडी५च्या दोन फायली मुद्दाम घडवता येतात, २०१७पासून शा-१ या दुसऱ्या जुन्या पद्धतीच्याही. पण आधीच असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फायलीशी जुळणारी दुसरी बनवणं अजून कुणाला जमलेलं नाही. नुसत्या ओळखीपुरतं एमडी५ मला चालतं. नवी नोंद मात्र शा-२५६नेच.

अनोळखी उरल्यात त्या बहुतेक प्रिंटर ड्रायव्हरच्या. त्यांच्या सह्या फायलीत नाहीत, विंडोजच्या कॅटरूट फोल्डरातल्या कॅटलॉगात हॅशच्या यादीवर आहेत. आता ते कॅटलॉग सोडवायला घेतलेत. कुणाकडे जुन्या ड्रायव्हरच्या सीडी पडून असतील तर हॅश काढून कळवा, फायली नकोत.