राज्य न देता

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापायचे. हे वाक्य शाळेत एकदा बोलून बघा, पुढची दहा वर्षं कोणी उधार मागितल्याशिवाय राहणार नाही. घरी मात्र परिस्थिती अशी की व्हिडिओ गेम हवा म्हटलं की बाबा म्हणायचे, "मी नोटा छापतो, मिळवत नाही." या एका वाक्यावर त्यांनी आम्हाला दोन वर्षं झुलवलं. मग एका दिवाळीला बोनस झाला, आम्ही सिटी बसने 'नाशकात' गेलो (नाशिकरोडची माणसं नाशिकमध्ये राहत असूनही नाशकात जातात, हे बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे) आणि मेन रोडवरच्या एका दुकानातून तो खोका मांडीवर घेऊन परत आलो.

खोक्यात यंत्र, एक पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. त्याला कंट्रोलर म्हणतात हे फार पुढे कळलं. पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा, ही वाटणी बस बिटको चौकात पोचायच्या आतच झाली होती. घरी आल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नाही. मला वाटलं, दुकानदाराने फसवलं. पण ती परंपराच निघाली. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉम आलं, त्याच्याही दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हतं. त्याऐवजी चक्क माईक दिला होता. आमचं यंत्र म्हणजे त्याचीच स्वस्त नक्कल. बटणं नसण्याची नक्कल हुबेहूब केली होती, माईकचे कष्ट मात्र कोणी घेतले नव्हते.

स्टार्ट नाही म्हणजे पॉज नाही. गल्लीतल्या खेळात कोणीही, कधीही 'टाइम प्लीज' म्हणू शकतं. चपलेचा अंगठा तुटला, टाइम प्लीज. नाक पुसायचंय, टाइम प्लीज. इथे तो हक्क एकट्या दादाला. मला शिंक आली तरी माझ्यावर गोळ्या चालूच.

मारिओची तऱ्हा याहून वाईट. दोघांचा खेळ निवडला तरी दोघं एका वेळी खेळत नाहीत. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. दादाचा मारिओ पडल्याशिवाय माझ्या हिरव्या लुइजीला जन्म नाही. आणि दादा चांगला खेळायचा. भावाच्या मरणाची इतक्या मनापासून वाट बघणारी बहीण अख्ख्या प्रेस क्वार्टर्समध्ये दुसरी नसेल. बघत बसण्याचा फायदा एकच, की मी तो गेम त्याच्यापेक्षा नीट पाहिला. वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. दादाने वेड्यात काढलं. पुढे वाचलं, ते खरंच तसं आहे. अख्खा गेम चाळीस केबीत बसवायचा होता. हल्ली व्हॉट्सॲपवर येणारा गुलाबाचा एक शुभ सकाळ त्याहून जड असतो.

कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये मात्र दोघं एकदम. तिसऱ्या स्टेजला धबधबा लागतो, तो चढायचा. एक जण भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर सरकतो आणि खाली राहिलेला आपोआप मरतो. कोणी गोळी घालावी लागत नाही. दादाला हे कळायला एक दिवस लागला आणि थांबायची सवय लागायला एक वर्ष.

कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवून देणारा बटणांचा कोड आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होता. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. हा आम्हाला शेजारच्या पोराने अर्ध्या पेरूच्या बदल्यात सांगितला होता. त्याचा मूळ मालक काझुहिसा हाशिमोतो. १९८६ साली ग्रेडियस नावाचा गेम घरच्या यंत्रावर आणताना तो त्याला स्वतःलाच पार होईना, म्हणून त्याने आपल्यापुरती ही सोय केली, आणि ती तशीच गेममध्ये राहून गेली. थोडक्यात, गेम बनवणाराच कच्चा लिंबू. हे वाचल्यावर मला त्या माणसाबद्दल जी आपुलकी वाटली ती आजवर कुठल्याही शास्त्रज्ञाबद्दल वाटलेली नाही.

आई स्वयंपाकघरातून जेवायला हाका मारायची. आमचं ठरलेलं उत्तर, "एवढी लाइफ संपू दे." तीस लाइफ असल्या की आमटी गार.

आणि सेव्ह नव्हतं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती आपल्याकडे दुष्काळातून आलेल्या माणसासारखी बघतात. आठव्या दुनियेपर्यंत पोचा, लाईट गेली की पुन्हा पहिली. एकदा दादाने पॉज करून नुसता टीव्ही बंद केला आणि यंत्र रात्रभर चालू ठेवलं. सकाळी बाबांच्या हाताला अ‍ॅडॉप्टर गरम लागला आणि आमची आठवी दुनिया त्यांनी प्लगसकट उपटली. तीसेक वर्षांनी मला समजलं की त्या गेममध्ये सगळी लाइफ संपल्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं तर ज्या दुनियेत मेलो तिच्या सुरुवातीपासून खेळता येतं. मी तडक दादाला पुण्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. ऐकून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता सांगू राहिली?"

कॉलेजात असताना कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत व्हाइस सिटी नावाचा गेम आला. तिथे मी तासाच्या पैशांत फक्त मोटारी चोरून समुद्राकाठी हिंडले. एकही काम पूर्ण केलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मग नोकरी, लग्न, मुलगा. मधली पंधरा वर्षं मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, छे, गेम कधीच सुटले.

सुटले नव्हते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुन्हा लागले आणि एकदम चाळीसेक गेम विकत घेऊन बसले. सेल असतो, दीडशे रुपयांत मिळतो, साडीच्या सेलसारखंच आहे ते. घडी न मोडलेल्या साड्या आणि न उघडलेले गेम, दोन्हींना कपाट लागतं. त्यातल्या रेड डेड रिडम्प्शन २ मध्ये घोड्याला चारा घालावा लागतो, खरारा करावा लागतो. मी तो नित्यनेमाने करायचे. त्याच काळात गॅलरीतली तुळस वाळली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा घोड्याची चौकशी केली.

खरी रमले ती स्टारड्यू व्हॅलीत. हा शेतीचा गेम. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून केलेला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. २०१६ ला आला. आजोबांची पडीक जमीन मिळते, ती कसायची. वर्षाला चार ऋतू, ऋतूला अठ्ठावीस दिवस, आणि एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. कुकर लावून एक दिवस सहज होतो.

२०२१ च्या पावसाळ्यात निफाडहून मामा आला होता. माझा सख्खा मामा, तीन एकर द्राक्षबाग. आदल्या वर्षी माल तोडणीला आला आणि देश बंद झाला, तेव्हा त्याने निम्म्या बागेचे बेदाणे केले होते. तो चहा पीत माझ्यामागे उभा राहिला.

"काय करू राहिली गं?"

"शेती."

"काय लावलं?"

"द्राक्षं."

मामाने खुर्ची ओढली. मी सांगितलं, लावल्यापासून दहा दिवसांत धरतात, मग दर तीन दिवसांनी तोडा.

"दहा दिवसात?" मामा म्हणाला. "कोणतं वाण म्हणायचं हे?"

मामाच्या बागेत एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि त्यानंतर चार-साडेचार महिने जीव मुठीत. थंडी उतरली की पहाटे बागेत शेकोट्या, धुई पडली की फवारणी, ढग आले की पुन्हा फवारणी. त्याने जे प्रश्न विचारले ते कुठल्याही गेम परीक्षकाने विचारले नसतील. आधी वेलीचे रोग. डावणी येते का? नाही. भुरी? नाही. मांडवाखालून जाता येतं? नाही, वळसा घालून जायचं. मग ट्रॅक्टर कसा घालती? ट्रॅक्टर नाही. कावळे येतात, पण बुजगावणं लावलं की येत नाहीत. अवकाळी?

"पाऊस पडतो कधीकधी," मी म्हटलं. "त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही."

मामा थोडा वेळ गप्प बसला.

"माल कोण उचलतो?"

"दारात पेटी आहे. त्यात टाकायचा. रात्री गावचा सरपंच येऊन घेऊन जातो. सकाळी पैसे."

"पुरे?"

"पुरे."

"अन् मंग फोन लागतो का त्याचा?"

नाशिक जिल्ह्यात हा विनोद नाही. माल घेऊन फोन बंद केलेले व्यापारी इथे दर हंगामात असतात, आणि मामाचे एका वर्षाचे पैसे तसेच गेले होते. तो हसला, मी पण हसले, आणि जाताना तो दारातून म्हणाला, "सरपंच चांगला हे."

पुढे ऑफिस सुरू झालं. हा गेम मी कधी सोडला ते मला आठवत नाही, आणि हेच मला खुपतं. लहानपणी अंगावर राज्य असताना जो घरी पळायचा त्याला आम्ही आठवडाभर खेळात घ्यायचो नाही. राज्य न देता पळाला, याहून मोठी शिवी गल्लीत नव्हती. कारण पळणारा पळतो, पण उरलेले सगळे खांबामागे, जिन्याखाली लपून बसलेले असतात, कोणीतरी शोधायला येईल म्हणून. सेव्ह नव्हतं तेव्हा आम्ही पळूच शकत नव्हतो. मेलो तरच सुटका. आता सेव्ह आहे, म्हणून मी चाळीस ठिकाणांहून राज्य न देता पळालेली आहे. भाच्याचा पबजी सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला, त्याला निदान सांगायला कारण आहे. मला कोणी बंदी घातली होती? कंटाळा आला असंही म्हणवत नाही. कंटाळा आला असता तर बंद करताना 'उद्या' असं मनात आलं नसतं. स्टारड्यू तर शेतकरी झोपल्याशिवाय सेव्हही होत नाही. म्हणजे मी माझ्या माणसाला अंथरुणावर निजवलं, उद्या भेटू म्हटलं आणि चार वर्षं गेले नाही.

गेल्या वर्षी मामाने बाग तोडली. पंचवीस वर्षांची. मी गेले तेव्हा बांधाला खुंटांचा ढीग होता, तारा आणि अँगल भंगारवाल्याने नेले होते. ज्या जागी दुपारी बारालाही सावली असायची तिथे उघडं रान. "सोडलं," मामा म्हणाला. त्याने सोडण्याचा दिवस तारखेसकट सांगितला, वारही सांगितला. सोयाबीन टाकू राहिलो आता, म्हणाला.

दिवाळीत तो आमच्याकडे आला, माझ्या आईला भाऊबीजेला भेटायला. फराळ झाला, इकडचं तिकडचं झालं. मग एकदम म्हणाला, "तुझी बाग कशी हे?"

मला क्षणभर कळलंच नाही.

"ती गं. सरपंचाची."

लॅपटॉप काढला. अपडेटला वीस मिनिटं गेली, तोवर मामा मुकाट चकली खात बसला. उघडलं. शरद ऋतू, सतरा तारीख, सकाळचे सहा. माणूस उठला, जणू कालच झोपला होता. दार उघडून बाहेर आलो तर चोवीस वेली, चोवीसही लगडलेल्या. मी विसरले होते. एकला लावलेली, म्हणजे अकराला, चौदाला, आणि आज.

मामा वाकला. चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला. "पिकलीत की."

"उजवं बटण दाब, निघतात."

त्याने माऊस हातात घेतला, तो अंडं धरल्यासारखा. एक घड. मग दुसरा. ओळीच्या शेवटी वळसा घालताना माणूस तळ्याच्या काठाला अडकला, तो मी सोडवला. चोवीस घड पेटीत टाकून झाल्यावर म्हटलं, "आता झोपवू याला, म्हणजे लगेच सकाळ होईल. पैसे दिसतील."

"दिवसाढवळ्या झोपवती?" मामा म्हणाला. "पाणी द्यायचं राह्यलं ना."

मी झारी काढून दिली. आतून आईने हाक मारली, "दादा, चहा गार होतोय."

"थांब गं," मामा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "एवढी ओळ होऊ दे."