सोल्युबिलिटीपासून इलेक्ट्रोफोरेसिसपर्यंत : सिकलसेल तपासणीचा माझा अनुभव

माझ्या पुतणीचे सांधे वारंवार दुखू लागले आणि डोळे पिवळसर दिसू लागले, तेव्हा घरच्यांनी आधी वाताची आणि मग काविळीची गावठी औषधे करून पाहिली. गडचिरोली जिल्ह्यातील अनेक घरांत हाच क्रम असतो. आशाताईंनी मात्र सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीचा आग्रह धरला. धानाच्या रोवणीचे दिवस असल्याने भाऊ-वहिनींना सवड नव्हती, म्हणून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात मी घेऊन गेलो.

तेथे बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी झाली. द्रावण गढूळ झाले की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच समजते. मूल वाहक (सदोष जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेले) आहे की रुग्ण (दोघांकडून आलेले), हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी, करावी लागते. तो नमुना घेण्यापूर्वी, गेल्या तीन महिन्यांत मुलीला रक्त चढवले होते का, असे तंत्रज्ञांनी विचारले. हा प्रश्न कोणी विचारला नाही तरी पालकांनी स्वतःहून सांगावे, कारण दुसऱ्याचे रक्त मिसळलेले असल्यास अहवाल फसवा येऊ शकतो.

अहवालात ‘एसएस पॅटर्न’ आला, म्हणजे ती रुग्ण निघाली. पुढे भाऊ आणि वहिनी दोघांचीही तपासणी झाली व दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक निघाले. ‘आमच्या माहेरी हा आजार कोणालाच नाही,’ असे वहिनी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ते खरेही असावे, कारण वाहकाला सहसा त्रास होत नाही.

समुपदेशकांनी समजावले त्याचा गाभा असा. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. अल्फाची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर, तर बीटाचे ‘एचबीबी’ हे जनुक अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. डीएनएच्या सुमारे 1600 अक्षरांच्या या लहानशा जनुकात तीन एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) आहेत आणि त्यापासून 146 अमिनो आम्लांची साखळी तयार होते. त्यातील एकच अक्षर बदलले, ‘ए’च्या जागी ‘टी’ आले, की सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. मग ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनवतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के असते. पहिले रुग्ण निघाले म्हणून दुसरे सुटेल, असा हिशेब येथे चालत नाही.

त्यामुळे तान्ह्या पुतण्याची काळजी लागली. त्याची सोल्युबिलिटी चाचणी करण्यास डॉक्टरांनी नकार दिला, तेव्हा आम्हाला ती टाळाटाळ वाटली. पण कारण शास्त्रीय होते. जन्मतः रक्तात गॅमा जनुकांपासून बनलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते आणि बीटा जनुक पुढील काही महिन्यांत हळूहळू त्याची जागा घेते, म्हणून सुरुवातीच्या सहा महिन्यांत ही चाचणी भरवशाची नसते. त्याचा नमुना एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रतपासणीसाठी पाठवला आणि तो वाहक निघाला.

पुतणीला फॉलिक आम्ल आणि हायड्रॉक्सियुरिया सुरू झाले आहे. हे दुसरे औषध गर्भावस्थेतील तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, परंतु त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ताची मोजणी करून घ्यावी लागते आणि त्याप्रमाणे डॉक्टर गोळीची मात्रा ठरवतात.