'जे' अक्षराचा धंदा : आमची वाटचाल

आमचा धंदा जपानी हातातली गेम मशीनं आणि त्यांची गेम कार्डं विकण्याचा. निन्टेंडोच्या डीएस लाइट मशीनच्या काळात या धंद्यात डोकं फारसं लागत नसे. लेबलवर एनटीआर कोड असलेलं जपानी कार्ड कुठल्याही देशाच्या मशीनमध्ये घाला, चालायचंच. कार्ड अस्सल आहे का आणि त्याच्या १७ पिना स्वच्छ आहेत का, एवढं बघितलं की झालं. त्याआधीच्या गेमबॉय आणि गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला तर कुलूपच (दुसऱ्या प्रदेशाचं कार्ड अडवणारी सोय) नव्हतं. गेमबॉयच्या कार्ट्रिजसाठी ३.८ मिमीचा गेमबिट (खास स्क्रूसाठीचा ड्रायव्हर), अ‍ॅडव्हान्ससाठी तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या, एवढ्या सामानावर आमचा जम बसला. ती हत्यारं अजून त्याच डब्यात आहेत. स्वस्तातला तीन पाकळ्यांचा ड्रायव्हर घेऊ नका. त्याची टोकं झिजतात आणि मग स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं.

पहिला दणका लाइटनंतरच्या डीएसआय मशीनने दिला. ज्या कार्डांचा कोड टीडब्ल्यूएलने सुरू होतो, त्यांचा प्रदेश डीएसआय आणि थ्रीडीएस तपासतात, डीएस लाइट तपासत नाही. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट जपानात सप्टेंबर २०१० मध्ये आले, ते याच जातीचे. तेच जपानी कार्ड लाइटमध्ये बिनतक्रार चालतं आणि अमेरिकी डीएसआयमध्ये उघडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं कार्ड खराब. खराब काही नसतं. म्हणूनच लाइट अजून फेकून द्यायचा नसतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात पुढचं मशीन, थ्रीडीएस आला आणि कुलूप प्रत्येक नव्या कार्डाला लागलं. जपान, अमेरिका, युरोप, कोरिया, प्रत्येकाचं वेगळं. जपानी कार्डाला जपानीच मशीन हवं, हे आम्ही प्रत्येक पावतीवर छापत होतो. तरीही धंदा बुडता बुडता वाचला, आणि त्याला कारण आमचा माल नव्हता.

एका व्यापाऱ्याने (नाव घेत नाही, जुन्या मंडळींना ठाऊक आहे) वापरलेली मशीनं 'जपानी' म्हणून स्वस्तात काढली. मागे स्टिकर सीटीआर-००१(जेपीएन), कवच चकचकीत, आत बोर्ड मात्र अमेरिकी. थ्रीडीएसचा प्रदेश मुख्य बोर्डावरच्या मेमरीत नोंदलेला असतो. कवच, स्क्रीन, बॅटरी काहीही बदललं तरी तो हलत नाही, आणि फॉरमॅट मारूनही जात नाही. लोकांनी मशीन त्यांच्याकडून घेतलं, कार्डं आमच्याकडून. कार्ड चालेना. मशीन त्यांचं, कार्ड आमचं, शिव्या आम्हाला. वर हेच गृहस्थ सांगत फिरले की आम्ही नकली कार्डं विकतो. परत आलेल्या कार्डांत भांडवल अडकलं, पुढच्या खेपेला पैसा उरला नाही. आजवर त्यांच्याकडून एका शब्दाने दिलगिरी आलेली नाही.

यातून आम्हाला बाहेर काढलं ते जपानातल्या आमच्या पहिल्या भागीदाराने. तो तिथे वापरलेल्या मालाची खरेदी करायचा. त्याने शिस्त लावली की मशीन सुरू करून सिस्टिम सेटिंग्ज उघडायच्या, वरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आवृत्तीच्या आकड्याचा फोटो काढायचा आणि मगच पैसे द्यायचे. आकडा ११.१७.०-५०जे असा दिसतो. शेवटी जे असेल तर जपान, यू असेल तर अमेरिका, ई असेल तर युरोप. स्टिकर खोटा लावता येतो, साध्या कवच-बदलीत हे अक्षर बदलत नाही. परत आलेलं प्रत्येक कार्ड आम्ही 'जे' मशीनवर लावून दाखवलं, तेव्हा कुठे तोंडं बंद झाली.

पुढची वर्षं नीट गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

एका गिऱ्हाइकाचा उल्लेख मात्र करायलाच हवा. जपानी वाचता येत नाही, पण 'मॉन्स्टर हंटर डबल क्रॉस'साठी त्यांनी जपानी एलएल (मोठ्या स्क्रीनचा थ्रीडीएस) घेतला. थ्रीडीएसवरचा तो खेळ जपानबाहेर निघालाच नाही. जपानी मशीनचे मेनू फक्त जपानीत असतात, त्यामुळे ते मेनूतल्या जागा पाठ करतात. खेळाने विचारलं तर दोन अक्षरांचं 'हाइ' म्हणजे हो, तीन अक्षरांचं 'ईए' म्हणजे नाही. सुरुवातीच्या पडद्यावर 'हाजिमेकारा' म्हणजे नवा डाव, 'त्सुझुकिकारा' म्हणजे चालू डाव. इथे गडबडून नवा डाव जुन्या सेव्हवर पडला की तो परत येत नाही. सोनीच्या पीएसपी मशीनच्या जपानी खेळांतही जपून, तिथे सहसा गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार. पोकेमॉन एक्स-वायमध्ये मात्र सुरुवातीलाच भाषा निवडता येते, म्हणून नवशिक्याला आम्ही तोच देतो.

विचारलं नसलं तरी सांगतो. एसडी कार्ड काढून दुसऱ्या थ्रीडीएसमध्ये घातलं तर डाउनलोड केलेले खेळ उघडत नाहीत, ते त्या मशीनशी बांधलेले असतात. सिस्टिम ट्रान्सफरही एकाच प्रदेशातल्या दोन मशीनमध्येच होतो. मार्च २०२३ च्या अखेरीस ई-शॉप या निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानाची विक्री थांबली, त्यामुळे 'सगळे खेळ आत भरून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. अ‍ॅडाप्टरवरची इनपुटची ओळ वाचा. फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर २३० च्या सॉकेटला लावू नका. आउटपुट ४.६ व्होल्ट, ९०० मिलीअँपिअर जुळलं पाहिजे. जपानात एलएलच्या खोक्यात अ‍ॅडाप्टर नसायचाच, तेव्हा 'अ‍ॅडाप्टर चोरला' म्हणून भांडू नका. मागचं झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे, चार्जिंग बंद करा. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाही, त्यामुळे ती मशीनच्या आतच मागवावी.

सोनीच्या व्हिटा मशीनची कार्डं सगळीकडे चालतात. अडचण ऑनलाइन खात्याची, कारण एका मशीनवर एकच खाते. जपानी खेळाची डीएलसी (डाउनलोड करायची जादा भर) जपानी खात्यावरच, म्हणून प्रत्येक खात्याला वेगळं मेमरी कार्ड ठेवा आणि खातं बदलताना मशीन रिसेट करा.

२०१७ मध्ये निन्टेंडोचा स्विच आला तो बिनकुलपाचा. स्विच २ २०२५ मध्ये आला तेव्हा जपानात ४९,९८० येनची फक्त जपानी भाषेची आवृत्ती निघाली, तिला खातंही जपान प्रदेशाचंच लागतं. बहुभाषी आवृत्ती तेव्हा ६९,९८० येनला होती. स्वस्त म्हणून पहिली मागवणाऱ्याला आम्ही आधी खात्याचा प्रदेश विचारतो, मगच ऑर्डर घेतो.