नवी मुंबईचे रोहित पक्षी पाहायला जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहा

नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील खाडीकिनारा, तिथली खारफुटी आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला निघालेल्यांना पहिले सांगणे हेच की, ‘सकाळी लवकर या, पक्षी दिवसभर असतातच’ असे सांगणाऱ्या कोणत्याही आयोजकाला आगाऊ पैसे देऊ नका. आम्हाला ज्या खासगी आयोजकाने नेले, त्याने माणशी घसघशीत रक्कम आधीच घेतली आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भल्या पहाटे, आम्हाला नेरूळच्या पाणथळ जागेच्या बांधावर आणून उभे केले. समोर काही शेकाट्या आणि एखाददुसरा बगळा होता. रोहित एकही नव्हता.

याचे कारण साधे आहे, आणि पैसे घेणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवे होते. ओहोटीला ठाणे खाडीतील गाळाची मैदाने उघडी पडतात आणि रोहित तिथे पसरून खात असतात. भरतीचे पाणी ती मैदाने झाकून टाकते, तेव्हा ते विश्रांतीसाठी नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळ जागांवर येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे पहाटे ओहोटी असणार हे उघड आहे. अष्टमीच्या सुमारास मात्र भरती सकाळी सहा-सातला येते आणि तेव्हा पहाटेची फेरी सार्थकी लागते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की (अष्टमीला आठाची पाऊणपट सहा) भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब इथेही चालतो; फक्त खाडीच्या आतल्या भागात, ऐरोलीकडे, पाणी थोडे उशिरा चढते हे लक्षात ठेवावे.

बांधावरून काही दिसत नाही म्हणून आयोजकाने आम्हाला तिवर या खारफुटीच्या झाडांच्या दाटीतून गाळाच्या दिशेने उतरवले. हा टप्पा कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. तिवराची हवा घेणारी मुळे गाळातून पेन्सिलींसारखी हजारोंनी वर आलेली असतात. त्यांवर पाय पडला की ती मोडतात, आणि ती चुकवायला जावे तर पाय पोटरीपर्यंत गाळात रुततो. भरतीबरोबर आलेल्या प्लास्टिकखाली फुटक्या बाटल्या दडलेल्या असतात, मारांडी या खारफुटीतल्या झुडपाची काटेरी पाने हातांना ओरबाडतात, आणि एकदा पाणी चढू लागले की परतीची वाट ओळखू येत नाही. जेमतेम दोन-तीनशे पावलांच्या या अंतराने आमची इतकी दमछाक केली की मी पुढचा बराच वेळ दुर्बीण हातात धरूनही काही पाहू शकलो नाही. एरवी धडधाकट असणाऱ्यांनाही हेच सांगेन. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, आणि तिच्यात शिरण्याची गरजही नाही.

कारण जे जवळून पाहायचे ते बांधावरूनच दिसते. तिवराचे पान उन्हात तिरपे धरून पाहिले की त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. मुळांतून आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांतील ग्रंथींतून बाहेर टाकते. खाली गाळावर निवटी हे चिखलातले छोटे मासे शेपटीच्या झटक्याने उड्या मारतात आणि फिडलर खेकड्यांचे नर आपली एकच मोठी नांगी वर-खाली हलवत बिळापाशी उभे असतात. यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

आयोजकाला निरोप देऊन आम्ही सीवूड्सलाच थांबलो. दुपारी पाणी चढले आणि खाडीकडून रोहितांचे थवे डोक्यावरून येऊ लागले. पंखांचा काळा-गुलाबी उघडझाप होणारा रंग, उतरताना पाण्यावर धावणारे पाय! सकाळचा सगळा शीण तिथेच गेला. लहान रोहिताची चोच गडद लाल, लांबून जवळजवळ काळी दिसते. मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी असून तिचे फक्त टोक काळे असते. राखाडी-तपकिरी पक्षी दिसले तर ती वेगळी जात नव्हे, ती पिल्ले होत. 2024 मध्ये भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याने इथला दिल्ली पब्लिक स्कूलजवळचा डीपीएस तलाव कोरडा पडला होता, त्यामुळे निघण्यापूर्वी तलावात पाणी आहे ना, याची चौकशी करावी.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने गेलो. ती फेरी निवांत झाली. पलीकडच्या पश्चिम काठाकडील ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीनुसार रोज बदलतात, म्हणून आधी फेरीची वेळ निश्चित करावी आणि मगच घरून निघण्याची ठरवावी. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी टोपी आणि भरपूर पाणी घ्यावे, कारण बोटीत आणि बांधावर सावली जवळपास नसतेच.