तुम्ही विचारलंत म्हणून : काकांशी राजकारण बोलायचं कसं?

प्रश्न ठरलेला असतो, आणि तो दिवाळीच्या तोंडावर किंवा निकालाच्या दुसऱ्या दिवशी येतो. घरातलाच माणूस आहे, जीव लावणारा आहे, पण मतं पार उलटी. बोलावं की गप्प बसावं? आणि बोलायचंच तर कसं?

‘राजकारण आणि देवधर्म घरात नकोच’ हा सल्ला बहुतेकांना आधीच मिळालेला असतो. सल्ला वाईट नाही, फक्त तो कुणी पाळत नाही. चकलीचा तुकडा मोडता मोडता कुणीतरी लाडक्या बहिणींच्या दीड हजारांवर शेरा मारतं, कुणाचा तरी आवाज चढतो, आणि आत्या ‘चहा टाकते’ म्हणत उठतात. म्हणून माझं उत्तर असं : बोलावं, पण चारचौघांत नाही. आणि एका बैठकीत एकच वाक्य घ्यावं.

आधी चारचौघांचं सांगतो. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ नावाच्या भागात वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी याचा चांगला सविस्तर विचार आहे. तिथे दोन प्रकार केलेत. संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याने केलेली, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. दुसरीत उतरायचं तर आधी परिषद पारखून घ्या, असं चरक बजावतात : जमलेली मंडळी जाणती आहेत की अजाण, आपल्याकडे झुकलेली आहेत, तटस्थ आहेत की आधीच विरोधात आहेत. फॅमिली ग्रुपवर उत्तर टाइप करताना आपण नेमकी ही परिषद विसरतो. समजा ग्रुपवर ४३ माणसं आहेत. काकांनी काहीतरी फॉरवर्ड केलं, तुम्ही खाली ‘हे फेक आहे’ लिहून लिंक डकवलीत. त्या क्षणापासून काका तुमच्याशी बोलतच नाहीत. ते उरलेल्या ४१ जणांसमोर तोंड वाचवत असतात. त्यांत त्यांचा जावई असतो, नवी सून असते. वयाने मोठ्या माणसाला लहानाने सगळ्यांदेखत खोडलं की मुद्दा राहतो बाजूला आणि ‘आता तू मला शिकवणार?’ सुरू होतं.

तेव्हा फॉरवर्डचं काम असं करावं. आधी त्यातला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघावा. बऱ्याचदा तो जुना तरी निघतो, नाहीतर दुसऱ्याच गावचा. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो तुमच्यापर्यंत निदान पाच हातांतून आलाय, म्हणजे काकांनी तो रचलेला नाही हे धरून चालावं. मग फक्त काकांना फोन : ‘काका, तो फोटो शोधला, जुना निघाला. तुम्हाला कुठून आला?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यात दोष पाठवणाऱ्यावर जातो आणि काकांना मागे यायला वाट राहते. पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला व्हॉट्सअॅप साधारण दोनच दिवस देतं, म्हणून हा फोन त्याच दिवशी करावा. काकांनी मेसेज गुपचूप पुसला तर ग्रुपवर त्याची वाच्यता करू नये. हा संयम फार कमी लोकांना जमतो.

बघ्यांमुळे वाद कसा कडवट होतो, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण टिळक-आगरकरांचं. १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. मतं तेव्हाही वेगळी होती, दोस्तीही होती. मग ‘आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय’ हा वाद रकान्यांत उतरला. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि १८९५ साली आगरकर जाईपर्यंत दोघं वाचकांच्या साक्षीने एकमेकांवर लिहीत राहिले. मूळ मतभेद मिटण्यातला नव्हताच. पण तो इतका विखारी होण्यात समोर बसलेल्या वाचकांचा हात होता, असं माझं मत आहे.

जागा आणि वेळही बघून घ्यावी. टेबलाच्या दोन टोकांना समोरासमोर बसलं की आपोआप कोर्ट भरतं. शेजारी शेजारी बरं : गाडीत, संध्याकाळच्या फेरीत, शेंगा सोलताना. हाताला काम असलं की मधल्या शांततेचा त्रास होत नाही. जेवणाआधी नको, प्रवासातून आल्या आल्या तर नकोच. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. सुरुवात विचारून करावी : ‘काल तुम्ही म्हणत होतात ते मला नीट समजून घ्यायचंय, आत्ता बोलू या?’ ते नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

आता एका वाक्याचं, कारण खरी गोची तिथेच आहे. ईव्हीएमचा वाद घेऊ, गेल्या काही वर्षांत घरोघर झालेला. २०२४च्या जूनमध्ये लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी २८८ पैकी २३० घेतल्या. काका म्हणाले, ‘सगळा मशीनचा खेळ आहे.’ पुतण्या उसळला, ‘जूनमध्ये नव्हता का खेळ?’ झालं, पेटलं. (जो हरतो तोच मशीनवर संशय घेतो, हे मात्र खरं. २००९च्या पराभवानंतर भाजपच्या नेत्यांनीही मशीनवर शंका घेतली होती. हे लक्षात ठेवावं, पण पहिल्या पाच मिनिटांत तोंडावर फेकू नये.)

‘मशीनचा खेळ’ हे एक वाक्य दिसतं, पण ते गाठोडं आहे. आत निदान चार दावे असतात. एक, मशीनमध्ये बाहेरून फेरफार करता येतो. दोन, दिलेली मतं आणि मोजलेली मतं जुळत नाहीत. तीन, आमच्या गावात वारं दुसरंच होतं, मग निकाल असा कसा. चार, निवडणूक आयोगावर माझा विश्वास नाही. पहिल्याला तांत्रिक पुरावा लागतो. दुसऱ्याला आकडे लागतात. तिसरा गावापुरता अनुभव आहे. चौथा तर पुराव्याचा प्रश्नच नाही, तो भरवशाचा आहे. तुम्ही पहिल्याला उत्तर देता, काका तिसऱ्यावर असतात, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा पळ काढतोय.

म्हणून पहिलं काम गाठोडं सोडण्याचं. काकांचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडायचं आणि ‘बरोबर?’ विचारायचं. ते ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढायचा नाही. जुन्या शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष म्हणत, आणि तो नीट न मांडता उत्तरपक्षाकडे जाणाऱ्याला कुणी विचारत नसे. प्रत्यक्षात ते असं दिसतं :

‘म्हणजे काका, लोकांनी मतं एकाला दिली आणि मोजली गेली दुसऱ्याला, असं तुमचं म्हणणं. बरोबर?’

‘तसं कुठे म्हणतोय मी? कागद असता तर शंकाच उरली नसती, एवढंच माझं म्हणणं.’

‘म्हणजे चोरी झाली असं नाही, पण झाली नाही हे आपल्याला तपासता यायला हवं.’

‘हां. हे बोललास.’

तीन वाक्यांत वाद बदलला. आता तो चोरीचा राहिला नाही, तपासणीचा झाला, आणि तपासणीबद्दल ठोस बोलता येतं. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर निदान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतं. मतदान संपल्यावर केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब फॉर्म १७-सीवर लिहून पक्षांच्या प्रतिनिधींना प्रत मिळते. मतमोजणीत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मशीनशी ताडतात. सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत खर्च भरून पाच टक्के मशीनची तपासणी मागता येईल असं सांगितलं. यावर काका म्हणतील, ‘पाचच केंद्रं का? सगळीच मोजा, दोन दिवस उशीर होईल एवढंच.’ हा मूर्खपणाचा मुद्दा नाही. त्यावर दोन समजूतदार माणसं वेगळं मत ठेवू शकतात, आणि इथे पोचलात तर बैठक सफल झाली म्हणायची.

पूर्वपक्ष मांडताना एक लबाडी हमखास होते. आपण समोरच्याचं म्हणणं किंचित बावळट करून मांडतो. १८९१चा संमतिवयाचा कायदा आठवा : मुलींचं संमतिवय १० वरून १२ वर नेणारा. टिळकांनी विरोध केला, म्हणून ‘टिळकांना बालविवाह हवे होते’ असं सर्रास म्हटलं जातं. त्यांचा मुख्य आक्षेप होता तो परक्या सरकारने कायदा करून आपल्या समाजात हात घालण्याला. आक्षेप चूक होता असं तुम्ही खुशाल म्हणा (मीही म्हणतो), पण खोडायचा तर तोच खोडा.

दुसरी अडचण शब्दांची. न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाने वादातल्या खोड्या मोजूनच ठेवल्यात : ३ छल, २४ जाती, २२ निग्रहस्थानं, म्हणजे जिथे वाद हरला असं धरतात त्या चुका. (इथे जाती म्हणजे फसवी उत्तरं. नाहीतर याच शब्दावरून जुंपायची.) वाक्छलाचं, म्हणजे शब्दाचा अर्थ फिरवण्याचं, ठरलेलं उदाहरण ‘नवकंबल’. एक म्हणतो, या मुलाकडे नव, म्हणजे नवी, कांबळी आहे. दुसरा म्हणतो, छे, नऊ कुठेत, एकच तर दिसतेय. आपल्या वादांत ‘गुणवत्ता’, ‘विकास’, ‘धर्मनिरपेक्ष’ हे सगळे नवकंबल आहेत. आरक्षणावर बोलताना एकाच्या मनात गुणवत्ता म्हणजे परीक्षेतले गुण असतात. दुसऱ्याच्या मनात कुठून निघून कुठवर पोचला ते असतं. अर्थ विचारला नाही तर तासभर फक्त नव आणि नऊ चालतं.

आरक्षणाच्या वादात कोरडी माहितीही कधीकधी कामाला येते. ‘९२ मिळूनही हव्या त्या कॉलेजात सीट नाही’ यातले ९२ बहुधा टक्के नसून सीईटीचे पर्सेंटाइल असतात. दोन लाख मुलं बसली असं धरलं तर ९२ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण सोळा हजार मुलं असतात. पण हे गणित कधी काढायचं त्याला वेळ असते. ज्या घरात त्याच आठवड्यात मुलाची सीट हुकलीय तिथे हे खरं असूनही क्रूर आहे. तिथे आधी मुलाबद्दल बोलावं. आरक्षण दिवाळीत बघू.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. ‘पुरावा काय?’ हा उलटतपासणीचा सूर झाला. त्याऐवजी विचारावं, ‘दहापैकी किती खात्री वाटते?’ समजा काका सात म्हणाले. लगेच ‘दहा का नाही?’ विचारलं तर कोंडीत पकडल्यासारखं होतं. ‘पाच का नाही, सात का?’ असं विचारलं की कारणं त्यांच्याच तोंडून येतात. उरलेल्या तिनाबद्दल नंतर सावकाश विचारता येतं. मग विचारावं, ‘असं वाटायला लागलं कधीपासून?’ उत्तरात बहुधा एखादा प्रसंग निघतो, आणि युक्तिवादापेक्षा तो जास्त सांगून जातो. अमेरिकेत मायामीत कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन, लोकांना त्यांचेच अनुभव बोलते करून, सुमारे दहा-दहा मिनिटं गप्पा मारल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तृतीयपंथीयांबद्दलचा दुरावा कमी झालेला तीन महिन्यांनंतरही टिकून होता. मतं बदलतात, पण बदलतात ती इतकीच, थोडीथोडी. पाहुण्यांसमोर कुणी ‘मी चुकलो’ म्हणेल ही आशा सोडा.

श्रद्धेचं थोडं निराळं आहे. तिथे मी भांडण नुकसानीपुरतं ठेवतो. आजीचा संकष्टीचा उपवास हा वादाचा विषयच नाही. मधुमेहाची गोळी बंद करून कुणाचा अंगारा चालू असेल तर आहे, आणि तिथेही ‘अंगारा सोडा’ म्हणण्यापेक्षा ‘गोळीही घ्या’ म्हणणं लवकर लागू पडतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही नरेंद्र दाभोलकर देवाला विरोध नाही, शोषणाला आहे, अशीच मांडणी करत असत.

आणि काही संभाषणं टाळावीत. समोरचा तुमच्या जातीची, धर्माची, तुमच्या बाई असण्याची लायकी काढत असेल तर शांतपणे पूर्वपक्ष मांडत बसण्याची जबाबदारी तुमची नाही. तिथे उठून जावं. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी, ज्याला त्या बोलण्याचा चटका बसत नाही, अशाने करावं. सुनेवर हे ढकलण्याची आपल्याकडे खोड आहे, ती वाईट.

बैठक कुठे थांबवायची याच्या खुणा सोप्या आहेत. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं. साल मागे सरकायला लागलं : आजच्या रस्त्यांवरून आणीबाणीवर, तिथून फाळणीवर. किंवा ‘तू’ जाऊन ‘तुम्ही लोक’ आलं. यांतलं काहीही दिसलं की ‘यावर मला जरा विचार करावा लागेल’ म्हणावं, आणि खरंच करावा. दुसऱ्या दिवशी काकांना फोन करावा, तोही वेगळ्याच कामासाठी : गॅसचं बुकिंग, डॉक्टरची वेळ, काहीही.

पंधरा दिवसांनी काका आपणहून म्हणतील, ‘ते तू सात सेकंदांचं काय म्हणत होतास?’ त्या वेळी ‘बघा, मी सांगत होतो ना’ हे वाक्य जिभेवर येतं. ते गिळावं, आणि चहा घेऊन शेजारी बसावं.